नवरीचा टाइप

"हेमा, माझ्या नावाला ती अक्षरं पुरतील का गं?"

बाईंनी हे इतक्या हळू विचारलं, की त्या हातातल्या प्रुफाबद्दलच काही म्हणताहेत असं मला वाटलं. मी छापखान्यात टाइपाच्या स्टँडसमोर उभी राहून एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीची पत्रिका जुळवत होते. बोटं शिशानं काळी, त्यामुळे कपाळावरचा घाम मनगटानं पुसायचा, असा माझा अवतार. "कुठली अक्षरं?" म्हणत मी वळले, तर बाई टाइपाच्या खणांच्या सगळ्यात खालच्या पाटीकडे बघत होत्या आणि कानापर्यंत लाल झाल्या होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाई, हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या. नुसता चष्मा वर केला तरी नववीचा वर्ग चिडीचूप व्हायचा, अशी त्यांची ख्याती. त्या चक्क लाजल्या होत्या.

"नवरी?" मी विचारलं.

"हो. तीच."

हे सगळं तासगावातलं, ऑफसेट छपाई आमच्याकडे यायच्या बरंच आधीचं. छापखाना माझ्या सासऱ्यांचा. नाव नारायणराव पोतदार, पण सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं आणि मीही तेच म्हणत असे. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते. त्यांना शाईच्या वासानंच शिंका यायच्या. म्हणून सासूबाई गेल्यावर अप्पांना सोबत म्हणून मी दुपारची छापखान्यात जाऊन बसू लागले, आणि बसता बसता कधी उभी राहून अक्षरं जुळवायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. इंदुमती गुळवणीबाई शाळा सुटली की आमच्याकडे प्रुफं तपासायला यायच्या. कितीतरी वर्षं येत होत्या. गावात कुणाचं कुणाशी जमलं हे नवऱ्या मुलाच्या मावशीच्या आधी बाईंना कळायचं, पण त्यांच्या तोंडून ते बाहेर गेलंय असं एकदाही झालं नाही.

'नवरी' हा आमचा एक टाइप. अक्षरं ओतणाऱ्या फाउंड्रीच्या कॅटलॉगात त्याला नुसता नंबर होता, बारसं आमच्या छापखान्यात झालं. बाकीचे टाइप कसे शाळेच्या रांगेत उभे राहावेत तसे ताठ. हा उजवीकडे जरासा कललेला, हार घालताना माणूस पुढे झुकतं तेवढाच. उभी रेघ वरती बारीक सुरू व्हायची, मध्ये भरायची आणि खाली जाता जाता केसाएवढी होऊन संपायची. वेलांटी म्हणजे तर बघत राहावं अशी. मागच्या अक्षराच्या डोक्यावरून मोठा झोका घेऊन ती आपल्या अक्षरावर उतरायची. उकार खाली वळून शेजारणीच्या पायाशी थांबायचा. असा टाइप परिच्छेदभर वाचायला दिला तर माणूस डोळे चोळत उठेल. दोन शब्दांतच तो शोभतो. म्हणून पत्रिकेत नवरी फक्त वधूवरांच्या नावाला. आजोबा, मामा, मुहूर्त, स्थळ आणि 'कृपया आहेर आणू नये' हे सगळं साध्या टाइपात. आता कॉम्प्युटरवर कुठलंही अक्षर एका बटणानं तिरकं होतं, पण ते कुणीतरी धक्का दिल्यासारखं दिसतं. नवरी मुळातच तशी घडवलेली होती.

आणि नाजूकही तितकीच. तिच्या वेलांट्यांची टोकं शिशाच्या ठोकळ्याबाहेर आलेली असायची. हातातून निसटलं की टोक तुटलंच. त्यामुळे तिला हात लावायचा मान आधी फक्त अप्पांचा, मग पुष्कळ बोलणी खाल्ल्यावर माझा. एकदा एका पुढाऱ्याची माणसं वाढदिवसाचं पत्रक घेऊन आली. साहेबांचं नाव त्याच तिरप्या टाइपात पाहिजे म्हणाली. अप्पांनी शांतपणे विचारलं, "साहेबांचं लगीन हाय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कागद परत केला. बेदाण्याच्या पेटीवर लेबल लावायला नवरी मागणाऱ्या व्यापाऱ्याचीही हीच गत झाली.

तर त्या दिवशी मी हातातलं काम खाली ठेवलं आणि बाईंना स्टुलावर बसवलं.

"कोण?" मी विचारलं.

"टेंबे."

"पोस्टमास्तर टेंबे?"

"तेच. ओरडू नकोस."

मला हसू आवरेना. श्रीनिवास टेंबे हे विधुर गृहस्थ आदल्या वर्षी मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आमच्याकडे आले होते. बाईंनी त्यांच्या मजकुरातलं पाल्हाळ कापलं. ते रागावून प्रूफ परत घेऊन आले आणि वाद घालून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पोस्टात दोन दोन शिपाई असताना प्रूफ स्वतः घेऊन यायचे. तेव्हाच मी अप्पांना म्हटलं होतं, की हा माणूस पत्रिकेसाठी येत नाही. अप्पा म्हणाले होते, "तू आपलं जुळव."

"दत्ताच्या देवळात करायचं ठरतंय," बाई म्हणाल्या. "मोजकी माणसं. मांडव नाही, वाजंत्री नाही, मला काही नको. त्यांचा मुलगा-सून पुण्याहून येतील. पण हेमा, पत्रिका हवी. आयुष्यभर लोकांच्या लेकींची नावं त्या अक्षरांत वाचली. चुकली असतील तर नीट केली. एकदा आपलं बघावंसं वाटतं. हसू नकोस."

मी कुठली हसतेय! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि काळी बोटं तशीच डोळ्यांना लावून बसले. "पुरतील," मी म्हटलं. "नाही पुरली तर फाउंड्रीतून आणू, पण पुरतील."

अप्पा मागे यंत्राला तेल घालत होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते तेलाची बुधली खाली ठेवून पुढे आले. बाईंकडे बघून म्हणाले, "चांगलं झालं. लई चांगलं झालं. मजकूर कुठाय?"

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. अप्पांनी तो लांब धरून वाचला. त्यांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"निमंत्रक मोकळा सोडलाय," ते म्हणाले.

"मुकुंदाला विचारते आज," बाई म्हणाल्या.

मुकुंद हा बाईंचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर बाई त्याच्याच घरी राहत होत्या. पत्रिकेला निमंत्रक लागतो. 'आमची कन्या' किंवा 'आमची भगिनी' असं म्हणणारं कुणीतरी घरचं माणूस लागतं. तिचं लग्न आहे, आपण या, असं त्यानं सांगायचं. मुलगी स्वतःच स्वतःच्या लग्नाला बोलावतेय, अशी पत्रिका त्या काळी आमच्याकडे कुणी बघितली नव्हती. बाईंनी तर नाहीच, शेकड्यांनी तपासूनही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि निमूट प्रुफं घेऊन बसल्या. मी काय ते ओळखलं. अप्पांनीही ओळखलं असावं, कारण संध्याकाळी टोपी घालून ते म्हणाले, "चल ग हेमा, गुळवण्यांकडं जाऊन येऊ. बाईमाणूस संगं असलेलं बरं."

मुकुंदरावांनी आम्हाला बसा म्हटलं. माणूस वाईट नव्हता. बहिणीला कधी उलटून बोलला नसेल. पण अप्पांनी विषय काढल्यावर तो सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"ताईनं लग्न करू नये असं मी कुठं म्हणतोय अप्पा? करावं. मी देवळात येऊन उभाही राहीन. पण पत्रिका कशाला? आमच्या ऋजुताला बघायला रविवारी सांगलीची माणसं येतायत. त्यांच्या हातात मुलीच्या आधी आत्याच्या लग्नाची पत्रिका पडली तर?"

"पडली तर वाचतील," अप्पा म्हणाले.

"हसतील, अप्पा."

"एवढी वर्सं तिनं तुमच्या घरात काढली. कुणी हसण्यासारखं काय केलंय का तिनं?"

"म्हणून तर म्हणतो, आता कशाला? माझं नाव घालू नका. हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. तेवढ्यात आतून बाई चहा घेऊन आल्या. मधलं दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं असणार. अप्पांच्या हातात कप देताना त्या म्हणाल्या, "अप्पा, राहू दे पत्रिका. तोंडी सांगू चार जणांना." आवाज अगदी नेहमीचा होता. कपाखालची बशी मात्र त्यांच्या हातून सुटेना. अप्पांनी ती हातानं धरली.

येताना वाटेत मी गप्प राहू शकले नाही. "निमंत्रक म्हणून मित्रपरिवार घालू," मी म्हटलं. "नाहीतर शाळेतल्या शिक्षकांची नावं घालू. काय बिघडतंय?"

"मित्रपरिवार वाढदिवसाला घालत्यात."

"मग निमंत्रक नकोच. नुसती दोघांची नावं, तारीख आणि देऊळ."

"न्हाई. मागं माणूस न्हाई अशी मुलगी पत्रिकेत उभी करायची? मी तसली पत्रिका छापणार न्हाई."

माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची आमच्या घरात रीत नव्हती, पण भर रस्त्यात मी म्हटलं, "म्हणजे मुकुंदराव परवडले. त्यांनी निदान मुलीचं कारण तरी सांगितलं. तुम्हाला तर नुसती रीतच मोठी." घरी आल्यावर मी त्यांचं ताट वाढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळत बसले.

पुढचे काही दिवस बाई आल्या, प्रुफं तपासली आणि गेल्या. खालच्या पाटीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. एका पत्रिकेत मुलीच्या नावातलं एक अक्षर तुटकं छापलं गेलं होतं. ते आंधळ्यालाही दिसलं असतं, पण बाईंच्या पेन्सिलीखालून तसंच सुटलं. मी गुपचूप बदललं आणि त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला त्या छापखान्याचा, अप्पांचा, नवरीचा, सगळ्याचाच राग आला होता.

मग एका दुपारी अप्पा म्हणाले, "हेमा, सांगलीला जाऊन पत्रिकांचा कागद घेऊन ये."

"कागद आहे की."

"जाडा हाय तो. तलम आण. तुझ्या हातानं बघून आण."

मी कुरकुरत एस.टी. धरली. परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. छापखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत अप्पा स्टँडसमोर उभे होते. डॉक्टरांनी बारीक काम पूर्ण बंद केलेलं, आणि हे आपले चष्म्यावर भिंग धरून एक एक अक्षर उचलताहेत. खालची पाटी उघडी होती.

"अप्पा! डोळा घालवायचाय का? द्या इकडे, मी जुळवते."

"तिथंच थांब," ते म्हणाले. त्यांनी माझ्यावर असा आवाज कधीच चढवला नव्हता. "हे माझं काम हाय. तू च्या ठेव."

मी स्टोव्ह पेटवला आणि लांबून बघत राहिले. ते अक्षर उचलायचे, बोटानं त्याची सरळ बाजू दाखवणारी खाच चाचपायचे, डोळ्यापाशी न्यायचे, कधी परत ठेवून दुसरं घ्यायचे. नवरीचं अक्षर घेताना दुसऱ्या हातानं मनगट धरायचे. चहा निवला, मी पुन्हा गरम केला, तोही निवला. शेवटी त्यांनी दोऱ्यानं सगळं बांधलं, शाईचा रूळ फिरवला आणि प्रूफ काढलं. मी बघायला पुढे गेले तर प्रूफ पालथं घालून त्यावर पंचा टाकला.

"आधी बाई बघतील," ते म्हणाले.

बाई रोजच्या वेळेला आल्या. पर्स खुंटीला अडकवली, पेन्सिलीला टोक केलं आणि हात पुढे केला. "आज कुणाची?"

अप्पांनी प्रूफ त्यांच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाचा."

"मूळ मजकूर द्या की. कशाशी ताडून बघू?"

"मूळ न्हाई. मनानंच जुळवलंय."

बाईंनी चष्मा नीट केला आणि प्रुफं वाचायच्या त्यांच्या सपाट आवाजात सुरुवात केली. "श्री गजानन प्रसन्न. सप्रेम नमस्कार वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या..."

आणि त्या थांबल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. 'आमची कन्या'च्या खाली ऐसपैस जागा सोडून नवरीच्या अक्षरांत लिहिलं होतं, चि. सौ. कां. इंदुमती. मी ती अक्षरं हजारदा हाताळली होती, पण अशी बसलेली कधी बघितली नव्हती. 'ती'ची वेलांटी 'म'वरून झोका घेऊन आली होती आणि तिचं टोक कुठंही तुटलेलं नव्हतं. 'दु'चा उकार खाली वळून अगदी अलगद टेकला होता. त्याखाली चि. श्रीनिवास. बावन्न वर्षांच्या पोस्टमास्तरांनाही अप्पांनी चिरंजीव करून टाकलं होतं. दोन्ही नावं एकाच बाजूला कललेली, सारखीच.

बाईंची नजर नावावरून हलेना. कागद हातात तसाच.

"इंदू, पुढं वाच," अप्पा म्हणाले.

इतक्या वर्षांत ते त्यांना कधी एकेरी बोलले नव्हते. बाई, अहो, तुम्ही, असंच चालायचं. बाईंनी मान वर केली नाही, पण वाचायला लागल्या. तिथी, वार, मुहूर्त, दत्त मंदिर. आवाज आता सपाट नव्हता. प्रत्येक शब्दाला तो जरा अडखळत होता. मग त्या तळाशी आल्या. "आपला नम्र, निमंत्रक..." असं म्हणून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. तिथं साध्या टाइपात अप्पांचं पूर्ण नाव होतं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि पेन्सिल उचलली.

"अप्पा, यात एक चूक आहे."

अप्पांचा चेहरा बघवेना. एवढा उंचापुरा माणूस, पण स्टँडला धरून एकदम म्हातारा दिसायला लागला. "व्हय," ते घाईघाईनं म्हणाले. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तुमचे वडील देवमाणूस. माझी काय पायरी? 'कन्या' नको असलं तर काढतो. मानलेली घालू. न्हाईतर सगळंच सोडून टाकतो, अजून यंत्रावर चढवलं न्हाई." ते पुन्हा तुम्हीवर गेले होते.

"कन्या नाही हो," बाई म्हणाल्या. "खाली बघा. तुमच्या नावात 'य' उलटा लागलाय."

आम्ही दोघांनी वाकून बघितलं. खरंच, नारायणमधला 'य' डोकं खाली अन् पाय वर करून उभा होता. बाईंचं नाव अप्पांनी डोळ्यांत तेल घालून जुळवलं होतं, आणि स्वतःच्या नावाची खाच चाचपायलाही विसरले होते. आयुष्यभर अक्षरं जुळवलेल्या माणसानं नवशिक्या कामगारासारखी चूक केली होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मी फिसकन हसले.

अप्पांनी भिंगातून बघितलं आणि हात झटकला. "राहू दे. माझ्या नावाकडं कोण बघतंय? तुझं नीट बसलंय न्हवं? झालं तर मग."

"राहू दे?" बाई म्हणाल्या. नववीच्या वर्गात हा आवाज ऐकला की पोरं वह्या लपवायची. फक्त आत्ता त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "असं कसं राहू दे? बापाच्या नावात चूक ठेवून मी पत्रिका वाटू होय? लोक काय म्हणतील?"

आणि त्यांनी त्या उलट्या 'य'भोवती पेन्सिलीनं गोल केला, शेजारी समासात नेहमीची खूण केली आणि प्रूफ अप्पांपुढे धरलं.

अप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी चिमटा उचलला आणि अक्षर सरळ करायला स्टँडकडे गेले.